नदीत विरघळणारी आमिषाची पिशवी कशी वापरावी: नवख्यांसाठी

काठावरून मूठभर चारा नदीत टाकला तर तो पडतो एकीकडे आणि तळाला लागतो भलतीकडे. साधा हिशेब करून बघा. चाऱ्याची गोळी सेकंदाला दहा सेंटिमीटर बुडत असेल आणि धार सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल, तर दोन मीटर खोल पाण्यात ती गोळी तळाला लागेपर्यंत दहा मीटर खाली, म्हणजे धारेच्या दिशेने, वाहून जाते. तुमचा गळ मात्र शिशाच्या वजनाने जवळजवळ सरळ खाली गेलेला असतो. मासे चरतात तिकडे आणि गळ बसतो इकडे.

विरघळणाऱ्या पिशवीने हा घोळ मिटतो. चारा पिशवीत, पिशवी गळाला किंवा शिशाला, आणि सगळे एकत्र तळाशी. तिथे पिशवी विरघळते आणि चाऱ्याची छोटी रास गळाशेजारी उरते. तळ्यात हे काम सोपे आहे, नदीत धार मध्ये येते. तळ्यातल्या मासेमारीसाठी दिलेला सल्ला नदीवर जसाच्या तसा वापरला की पिशव्या संपतात आणि मासे लागत नाहीत. म्हणून हा लेख फक्त वाहत्या पाण्याबद्दल.

पिशवी ज्या पदार्थाची असते त्याला पीव्हीए म्हणतात, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. १९२४ साली जर्मनीत हेर्मान आणि हेनेल या दोघांनी तो पहिल्यांदा तयार केला. कपडे धुण्याच्या यंत्रात टाकायच्या साबणाच्या पुड्यांवर जे पातळ, विरघळणारे आवरण असते तेही याचेच. याचे काही प्रकार थंड पाण्यात विरघळतात, काहींना गरम पाणी लागते. मासेमारीच्या पिशव्या अर्थातच पहिल्या प्रकारच्या.

जवळ काय काय हवे

- पीव्हीएची जाळी, ती भरायची नळी आणि नळीत बसणारा दट्ट्या. किंवा फिल्मच्या तयार पिशव्या
- पीव्हीएची दोरी किंवा पट्टी, तोंड बांधायला
- घट्ट झाकणाचा डबा. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या एकदोन पुड्या
- दोन फडकी: एक माशांसाठी, दुसरे फक्त पिशवी भरताना हात पुसायला
- कात्री, बारीक सुई
- धारेत जागा न सोडणारे, शक्यतो चपटे शिसे. स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), लीडरची दोरी (शिसे आणि गळ यांच्यामधला दोरीचा तुकडा), गळ
- कोरडा चारा
- जिथे मासेमारीला परवाना लागतो तिथे परवाना आणि ओळखपत्र

परवान्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घ्या: त्या पाण्यात चारा टाकायला परवानगी आहे का. काही ठिकाणी गळ टाकू देतात पण चारा टाकू देत नाहीत, आणि पिशवीतला चारा हाही चाराच धरला जातो. विणीच्या हंगामातली बंदी वेगळी असते, तिचीही चौकशी करा.

१. जाळी की फिल्म, हे ठरवा

जाळीची पिशवी विणलेल्या धाग्यांची असते. पाणी तिच्यात लगेच शिरते, त्यामुळे ती पटकन बुडते आणि पटकन सुटते. पेलेट (दाबून केलेल्या चाऱ्याच्या कोरड्या गोळ्या), ठेचलेल्या बॉइली (उकडून घट्ट केलेले पिठाचे गोळे) असा जाडसर चारा असेल तर जाळी. भुकटी तिच्यातून गळते.

फिल्मची पिशवी पारदर्शक, गुळगुळीत असते. तिच्यात भुकटीही भरता येते, शिवाय शिसे, लीडर, गळ असे सगळे आत घालून बंद करता येते. विरघळायला जरा जास्त वेळ घेते आणि भरायला तर बराच.

नवख्याने जाळीपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. फिल्मची पिशवी दिसते नीटनेटकी, पण तिच्यात चुकायला जागा जास्त, आणि मासा न लागण्याचे कारण पिशवी होती की जागा, हे कळत नाही.

जाळी घेताना पाकिटावर उन्हाळी की हिवाळी ते बघा. पाणी जितके थंड तितके पीव्हीए सावकाश विरघळते. उन्हाळ्यात झटकन सुटणारी जाळी थंड पाण्यात कित्येक पट जास्त वेळ घेऊ शकते. कापल्यावर उसवत न जाणारी जाळी मिळाली तर तीच घ्या. साधी जाळी एका टोकाला तुटली की धागा सुटत सुटत वरपर्यंत जातो.

२. आधी पाणी वाचा, मग सामान काढा

पिशवी भरायच्या आधी थोडा वेळ काठावर उभे राहून पाणी नुसते बघा. एखादे वाळके पान धारेत टाका आणि काठाने त्याच्याबरोबर चाला. आरामात चालत त्याच्या बरोबरीने राहता आले तर पिशवीचे काम होईल. भराभर चालावे लागले तर ती जागा सोडा.

पृष्ठभागावरचा वेग म्हणजे तळाचा वेग नव्हे. तळाच्या दगडगोट्यांशी घासून खालचे पाणी मंदावलेले असते, त्यामुळे वरून जोरात दिसणाऱ्या जागीही तळाशी चारा टिकू शकतो. उलट, वरून शांत दिसणाऱ्या पण तळ गुळगुळीत खडकाचा असलेल्या जागी चारा घरंगळत जातो.

शोधायची ती जागा म्हणजे जलद धार आणि संथ पाणी यांची सीमा. पाण्यावर ती रेघेसारखी दिसते. फेस, काडीकचरा तिच्यावरून वाहत असतो. मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला, वळणाच्या आतल्या बाजूला, झुकलेल्या झाडाखाली अशा सीमा सापडतात. तळाशी चरणारे मासे कमी कष्टात राहायला संथ बाजूला थांबतात आणि धारेने आणलेले खाणे रेघेवरून उचलतात. पिशवी रेघेच्या किंचित आत, संथ बाजूला पडायला हवी. मधोमध भोवरा फिरत असेल तर तिथे टाकू नका. सुटलेला चारा गोल फिरून कुठेही जातो.

३. चारा: कोरडा, जड, न घरंगळणारा

तळ्यासाठी लोक दोन मिलिमीटरचे बारीक पेलेट वापरतात. नदीत ते पिशवी सुटताच वाहून जातात. चार ते आठ मिलिमीटरचे, झटकन बुडणारे पेलेट घ्या. बॉइली वापरत असाल तर अख्ख्या गोल टाकू नका. अर्ध्या कापा किंवा बोटांनी फोडा. गोल वस्तू घरंगळते, सपाट बाजू असलेला तुकडा बसून राहतो.

थोडी भुकटी मात्र हवी. ती वाहून जावी म्हणूनच हवी. वासाची रेघ खाली पसरते आणि खालचे मासे तिच्या मागाने वर येतात. जाडसर चारा तीन भाग आणि बारीक चुरा एक भाग, हे प्रमाण धरून सुरुवात करा. जाळी वापरत असाल तर चुरा तेलाचे बोट लावून पेलेटला चिकटवा, म्हणजे गळणार नाही.

पिशवी लहान ठेवा, लिंबाएवढी. मोठी पिशवी धारेचा जोर जास्त घेते, शिशाला जागेवरून ओढते आणि फेकताना फाटते. शिवाय दोनचार घासांची रास असली की त्यातला एक घास तुमचा गळ असण्याची शक्यता वाढते.

४. ओल: सगळ्यात जास्त पिशव्या इथे वाया जातात

पीव्हीए पाण्याने विरघळते, त्याला ते पाणी नदीचे की घामाचे याचा फरक पडत नाही. पिशवी हवेतच फुटली, किंवा डब्यात सगळ्या पिशव्यांचा एक गोळा झाला, तर कारण बहुतेक वेळा नदीपर्यंत जातच नाही.

हात कोरडे हवेत. यातली अडचण अशी की मासा नेहमी ओल्या हाताने धरायचा असतो, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागू शकतो. म्हणजे एकाच माणसाला ओले हातही हवेत आणि कोरडेही. उपाय म्हणजे पिशव्या आधी भरून ठेवणे. गळ टाकायच्या अगोदर पाचसहा पिशव्या भरा, डब्यात बंद करा आणि मग पाण्याला हात लावा.

चारा ओला चालत नाही. डब्यातला मका, भिजवलेले दाणे, गांडुळे हे सगळे जाळीला आतून खातात. तरी वापरायचेच असेल तर एक युक्ती आहे: मीठ. दाणे निथळून, फडक्यावर पसरून पुसा आणि भरपूर मीठ लावून ठेवा. दाण्यांतले जास्तीचे पाणी मिठाने बाहेर येते, ते टाकून द्या. उरलेली ओल इतकी खारट असते की पीव्हीए तिच्यात विरघळत नाही. नदीत गेल्यावर गोडे पाणी मीठ धुऊन नेते आणि पिशवी नेहमीसारखी सुटते. मीठ चिमूटभर घालून काही होत नाही, हात सैल सोडून घाला. गांडुळांना हा उपाय लागू नाही. ती फक्त गळावर ठेवा, पिशवीत नको.

वासासाठी पातळ द्रव लावायचा असेल तर तेलाचा लावा. तेल पीव्हीएला विरघळवत नाही. पाण्याचा अंश असलेला द्रव विरघळवतो, आणि बाटलीकडे बघून ते नेहमी कळत नाही. म्हणून घरीच जाळीच्या एका तुकड्यावर द्रवाचे दोन थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. तुकडा चिकट झाला तर ती बाटली घरी ठेवा. थंडीत तेलाचा हात आखडता ठेवा. गार पाण्यात माशाचे तेल घट्ट होते आणि पेलेटवर त्याचा थर बसला की पेलेट फुटतच नाही.

पाऊस असेल तर छत्रीखाली भरा आणि डब्याचे झाकण एका पिशवीपुरतेच उघडा. उरलेली जाळी नळीसकट बंद पाकिटात ठेवायची. याच्या उलटेही होते: फार कोरड्या हवेत महिनोन्‌महिने पडलेली फिल्म कडक होते आणि घडी घालताच चिरते. दोन मोसमांपूर्वीचे पाकीट नदीवर नेण्याआधी एक पिशवी भरून, ओढून बघा.

५. पायाशी चाचणी

ही पायरी बहुतेक जण टाळतात. काठालगत, पायाशी, उथळ पण वाहत्या पाण्यात भरलेली एक पिशवी दोरीला बांधून सोडा आणि घड्याळ बघा. तीन गोष्टी कळतात: पिशवी बुडते की तरंगते, सुटायला किती वेळ लागतो, आणि सुटल्यावर चारा जागेवर राहतो की चालू लागतो.

तळाला लागेपर्यंत टिकण्यासाठी फार वेळ लागत नाही; शिशाबरोबर पिशवी काही सेकंदांत खाली जाते. त्यामुळे अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत कुठेही सुटली तर चांगले. पाच मिनिटे झाली तरी गठ्ठा तसाच असेल तर जाळी दुहेरी झाली आहे, गाठ मोठी आहे किंवा जाळी या पाण्याला जाड पडते आहे. चारा चालू लागला तर जास्त जाडसर तुकडे घ्या किंवा जागा बदला.

६. जाळी भरणे

नळीवर जाळी चढवलेली असते. मोकळ्या टोकाला गाठ मारा, शेपूट कापा. नळीतून चमचाभर चारा सोडा, दट्ट्याने दाबा, पुन्हा चमचाभर, पुन्हा दाबा. मग जाळी नळीवरून थोडी खाली ओढून पीळ द्या, अगदी चाऱ्याला भिडवून गाठ मारा आणि जरा पुढे दुसरी गाठ. दोन गाठींच्या मध्ये कापा. दुसरी गाठ पुढच्या पिशवीचा बुडखा होते.

पिशवी बोटांत दाबल्यावर टणक लागली पाहिजे. सैल पिशवीत चारा हलतो, फेकताना एका बाजूला आपटतो आणि जाळी फाटते. कापलेले तुकडे खिशात टाकू नका, घामाने त्यांचा डिंक होतो. कचऱ्याच्या पिशवीत ठेवून घरी न्या. पीव्हीए पाण्यात विरघळते म्हणजे त्या क्षणी संपते असे नाही. त्याचे पुढचे विघटन सूक्ष्मजीव करतात आणि त्याला वेळ लागतो. गरजेपेक्षा जास्त नदीत सोडू नये.

७. फिल्मची पिशवी भरणे

कोपऱ्यात थोडा चारा घाला. त्यावर गळ, आमिषासकट, टोक वर राहील असा ठेवा. लीडर इथे आखूडच, दहा-पंधरा सेंटिमीटरचा. वर आणखी चारा, मग मधून दोरी जाणारे शिसे, वर उरलेला चारा. ठोकून ठोकून बसवा, तोंड पिळून पीव्हीएच्या पट्टीने बांधा. खालचे दोन्ही कोपरे ओलसर बोटाने जरासे पुसून आत चिकटवले की पिशवी हवेत नीट जाते.

आत अडकलेली हवा हा या पिशवीचा मुख्य दोष. तिच्यामुळे पिशवी हळू बुडते, आणि हळू बुडणारी पिशवी धार घेऊन जाते. सुईने चारपाच ठिकाणी भोके पाडा.

बांधताना पट्टीचा वेढा मुख्य दोरीला शिशाशी जखडणार नाही हे बघा. दोरी तुटली तर माशाला शिसे सोडून जाता आले पाहिजे, नाहीतर तो ते ओढत फिरतो आणि कुठेतरी अडकून मरतो.

८. पिशवी कुठे अडकवायची

नदीत दोन जागा आहेत आणि दोन्हींचा परिणाम वेगळा.

गळाला अडकवली तर चारा थेट गळापाशी पडतो. आणखी एक फायदा: गळाचे टोक झाकलेले राहते, खाली जाताना शेवाळ, पालापाचोळा त्याला धरत नाही, लीडर मुख्य दोरीत गुंतत नाही. गळ गाठीतून घालू नका. गाठ सगळ्यात शेवटी विरघळते आणि तिचा चिकट अंश टोकावर राहिला तर मासा तोंडात घेऊनही गळ लागत नाही. गाठीशेजारी जाळी जिथे चुरगळून दाट झाली असते तिथून टोक घाला. लीडर लांब, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या वर असेल तर मात्र जोराच्या धारेत पिशवी तळाशी टेकण्याऐवजी झुलत राहते.

शिशाला किंवा स्विव्हलला अडकवली तर वेगळे चित्र. शिसे तळाला धरते आणि धार लीडरला खालच्या दिशेला ताणते. चारा वर, गळ खाली. पिशवी सुटली की चुरा आणि वास दोन्ही गळावरून वाहत जातात आणि त्या रेघेने वर येणाऱ्या माशाला आधी तुमचा गळ भेटतो. लांब लीडरसाठी हीच पद्धत. मध्यम धारेत मी हिलाच पसंती देतो. संथ पाण्यात गळाला अडकवणे पुरते.

९. फेक

भरलेल्या पिशवीचे वजन शिशात मिळवा आणि मग रॉड पेलेल का ते ठरवा. सत्तर ग्रॅमचे शिसे आणि तीस ग्रॅमची पिशवी म्हणजे शंभर ग्रॅम. रॉडवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत राहा.

झटका नको. पिशवी मागे स्थिर होऊ द्या, मग सलग, गोलसर हालचालीत सोडा. पिशवी पाण्याला टेकायच्या जरा आधी बोटाने दोरी हलकेच रोखली की लीडर पुढे सरळ होतो आणि आपटही कमी बसते.

जिथे पिशवी हवी त्याच्या थोडे वर, म्हणजे धारेच्या उगमाकडच्या बाजूला टाका. किती वर ते खोलीवर आणि वेगावर अवलंबून आहे. पहिल्या दोन फेकी नुसत्या शिशाच्या करून अंदाज घ्या, त्यात पिशवी घालवू नका.

१०. पडल्यानंतर

शिसे तळाला लागल्याचा ठोका रॉडमध्ये जाणवतो. तो जाणवला की दोरी ताणून शिसे ओढायचा मोह आवरा. पिशवी अजून सुटलेली नसते. या वेळी शिसे हात-दोन हात सरकले तर चारा ओळीत सांडतो आणि गळ एकीकडे राहतो.

रॉडचे टोक उंच ठेवा, म्हणजे कमी दोरी पाण्यात राहील. धार शिशापेक्षा दोरीला जास्त ओढते. शिसे सरकते ते बहुधा दोरीमुळे. थोडी दोरी मोकळी सोडली की तिचा खालच्या अंगाला बाक पडतो आणि शिशावरचा ओढ सौम्य होतो. तरीही सरकत असेल तर वजन वाढवा.

पिशवी सुटताना टोक किंचित थरथरते किंवा दोरी जराशी सैल पडते. नवख्यांना तो मासा वाटतो आणि ते हिसका देतात. तुमच्या चाचणीत जितका वेळ लागला होता तितका काळ असल्या हालचालींकडे दुर्लक्ष करा. खरा ओढ असेल तर टोक नुसते थरथरत नाही, वाकते.

गळ परत ओढल्यावर टोक बोटाने तपासा. चिकट लागले तर पिशवी पुरती सुटत नव्हती. लीडर आणि गळ पुसून कोरडे करा, मगच पुढची पिशवी लावा. ओल्या गळाला लावलेली जाळी फेकायच्या आधीच गळून पडते. एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकायचे असेल तर रीलवर दोरी अडकवायची चाप वापरा आणि पलीकडच्या काठावरची एखादी खूण धरा.

११. कधी पिशवी नको

पूर ओसरत असताना, पाण्यात पाने आणि काड्या वाहत असताना पिशवीचा उपयोग होत नाही. दोरीवर कचरा बसून शिसे हलतेच. जोराच्या धारेत तारेचा पिंजरा घ्या आणि त्यात चिकट, दाबून भरलेला चारा घाला. पिंजरा हळूहळू रिकामा होतो आणि ओल्या हातांनीही भरता येतो. अगदी काठाखाली, रॉडच्या टोकापाशी मासेमारी करत असाल तरीही पिशवी वाया घालवू नका. तिथे हाताने टाकलेला चारा कुठे जातो ते डोळ्यांनी दिसते.